रुमालाखालचा सौदा

ती मोटारसायकल माझ्यासाठी घेतलेलीच नव्हती. ती माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी घेतली होती, आणि नवरा तर झालाच नाही. पोरीच्या डाव्या पायाला पोलिओ आहे, तेव्हा गाडी दारात उभी दिसल्याशिवाय कुणी बोलणीच करणार नाही, असं सोयरीक आणणाऱ्याने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं होतं. आबांनी मेंढरं विकून गाडी आणली. पुढे सोयरीक मोडली, आणि गाडी भोकरदनजवळच्या आमच्या गावात, शेळ्यांच्या गोठ्याला लागून, पोत्याखाली सात वर्षं उभी राहिली. आबांना ती चालवता येत नव्हती. दर शनिवारी ते पोतं काढत, कीक मारत, दोन मिनिटं इंजिन ऐकत उभे राहत आणि पुन्हा झाकून टाकत. विकून का टाकत नाही, असं आईने विचारलं की उठून शेळ्यांकडे जात. मी सुट्टीला घरी असले की हा सोहळा पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या कंजूषपणाला दर शनिवारी धूप घालतायत, असं मी आईला ऐकवायचे.

कंजूषपणा म्हणायला कारण होतं. आबा शेती करत, पण जीव त्यांचा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पेरावर अंगठा टेकवला की अर्धा. शेकडे की हजार, ते माल बघून दोघांना कळतंच. आणि जनावरात काही खोट असली, लंगडं-काणं असलं, तर घेणारा मनगटावर नख टोचतो. म्हणजे एवढं कमी कर. रुमालाखाली जे झालं ते कुणी बाहेर सांगत नाही, सौदा जमो की फिसकटो. हे सगळं मला आबांनीच शिकवलं, मी सात-आठ वर्षांची असताना, बाजारात खांद्यावर बसवून नेत तेव्हा.

माझ्या लग्नाची बोलणी झाली त्या दिवशी मुलाचा मामाही बाजारातलाच निघाला. पोहे खाऊन झाले, आणि त्याने हसत हसत स्वतःचा रुमाल आबांच्या हातावर टाकला. मी दाराच्या फटीतून बघत होते. चारचौघांत सोयरिकीचं बोलणं रुमालाखाली करायचं, ही कुठली रीत? पण आबांनी हात काढला नाही. बराच वेळ रुमाल हलत राहिला. मग आबांनी एकदम हात ओढला, उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. पाहुणे गेले. दीड हजारावरून मोडलं, अशी गावात आवई उठली. आबा त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला तो मुलगा काही फार आवडला होता अशातला भाग नाही. पण गाडी घेतली आणि वर दीड हजाराला मागे हटले, हे मी त्यांना माफ केलं नाही.

सात वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे, मी जालन्यात बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कोंब आले की मोजायचे, वाकडे कोंब बाद करायचे. काम मला आवडायचं. वाट आवडायची नाही. खोली नवीन जालन्यात, प्रयोगशाळा एमआयडीसीत. सगळे कामगार टेंपोने जायचे आणि टेंपोची पायरी माझ्या मांडीएवढी उंच. मग कुणीतरी काखेत हात घालून मला वर ओढायचा. त्या हातांबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. रिक्षावाला पगाराचा चौथा हिस्सा मागायचा आणि तरी दोन दिवसांआड यायचाच नाही. हंगामाच्या तोंडावर साहेबांनी सांगितलं की आता वेळेवर येणं जमत नसेल तर दुसरी मुलगी बघावी लागेल. त्या संध्याकाळी मी गावी कळवलं: गाडी विकू नका, मला तिला तीन चाकं बसवायची आहेत.

एवढं साधं काम. मागचं एक चाक काढायचं, तिथे आडवा दांडा टाकून दोन चाकं लावायची आणि पायाचा गिअर हातावर आणायचा. पण भाव विचारायला गेले की माणसाची जात कळते.

स्टेशनकडच्या मोठ्या दुकानदाराने माझ्याकडे बघितलंच नाही. गावाहून आलेले आबा शेजारी उभे होते, त्यांना म्हणाला, "अठरा हजार खर्चा येईल, काका. पण तुम्ही कशाला चिंता करता, अपंगाला सरकार देतं ना."

मी म्हटलं, "सरकार देतं तर सरकारला भाव सांगा. मला माझा सांगा."

तो आबांकडेच बघून हसला. "लई तेज आहे हो पोरगी."

दुसरा एमआयडीसीतला, पाण्याच्या टँकरांचे सांगाडे बनवणारा. त्याला माझा पाय दिसताच भरून आलं. एक पैसा नको म्हणाला. फक्त मागच्या फळीवर त्याच्या कारखान्याचं नाव आणि "यांच्या सौजन्याने" असं रंगवायचं, आणि गाडी देताना पेपरवाल्याला बोलवायचं. आबा खुश झाले. हात जोडायला निघाले होते, मी त्यांचा सदरा मागून ओढला. रोज सकाळी कामावर जाताना पाठीवर त्या माणसाचं पुण्य मिरवत जायचं, त्यापेक्षा टेंपोतले हात परवडले. मी त्याला तसं बोलले नाही, पण जे बोलले तेही काही गोड नव्हतं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "फुकट देऊन राह्यला होता, माय."

"फुकट नव्हतं ते," मी म्हटलं, "तुम्हाला भाव दिसला नाही एवढंच."

त्यानंतरचे दोन रविवार मी भंगार बाजारात घालवले. पडलेल्या स्कूटरची दोन चाकं कितीला, दांडा कितीला, बेअरिंग, लोखंडी पाइप, चेनचा चक्कर, सगळं विचारून कागदावर उतरवलं. भंगारवाले माझ्यावर खेकसले, मी त्यांच्यावर खेकसले, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या सगळ्यात त्यांच्याशीच माझं बरं जमलं. त्यांनी पायाकडे पाहून भाव वाढवला नाही आणि कमीही केला नाही. बेरीज आली बावन्नशे. वर मजुरी.

तिसरा मिस्त्री भोकरदनच्या रस्त्यावरचा, पत्र्याच्या शेडमधला. म्हातारा माणूस. आधी लाकडी बैलगाड्या करायचा, मग टायरच्या. आबांनी गावातून गाडी टेंपोत घालून आणली. मिस्त्रीने ती चारी बाजूंनी बघितली, मागचं चाक फिरवलं, माझ्या डाव्या पायाला आधाराला बांधलेला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपरही बघितला, लपवाछपवी न करता, जसा गाडीचा दांडा बघितला तसा. मला विचारलं, "उजवा पाय बराबर चालतो ना? मंग ब्रेक तिथंच ठेवू. गिअरला सळई जोडून वर हाताशी घेतो." इतक्या दिवसांत मला थेट प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मिस्त्रीच्या हातावर टाकला.

मिस्त्री बाजारात बैलगाड्या विकून म्हातारा झालेला, त्याला सांगायला नको. त्याने हात पुढे केला. रुमाल हलायला लागला. शेडसमोर चहाची टपरी होती, तिथली चार माणसं मजा बघायला सरकली. मी तीन फुटांवर उभी. गाडी माझी, पगार माझा, भंगार बाजारात पायाला फोड आले ते माझे, आणि भाव ठरतोय तो मला सोडून जगातल्या दोन माणसांना कळतोय. दाराची ती फट मला पुन्हा दिसली. डोक्यात जे काही शिल्लक होतं ते तडकलं.

"आबा, हात काढा."

"थांब ना माय, जमत आलंय."

मी पुढे झाले, त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला आणि रुमालाखाली माझा हात घातला.

मिस्त्रीने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. रुमाल खाली मातीत पडला. "बाई, हे काय करून राह्यले तुम्ही? तुमचा हात कसा धरू मी? लोकं बघून राह्यले!"

"मंग धरू नका. तोंडानं सांगा."

टपरीवरचे हसायला लागले. मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. असा भाव त्याने जन्मात कुणाला सांगितला नसावा. इकडेतिकडे बघत पुटपुटला, "नऊ हजार."

"नऊ?" आबा ओरडले. "आत्ता तर आठ धरले होते की तू!"

आणि मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. साठ वर्षांच्या आयुष्यात रुमालाखालचं पहिल्यांदा बाहेर पडलं होतं, तेही चहाच्या टपरीसमोर. मला हसू यायला हवं होतं. पण मी रागातच कागद काढला आणि एकेक वस्तू मोठ्याने वाचून दाखवली. मिस्त्री ऐकत राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "सामानाचा भाव बिलकुल बराबर आहे. पण माझ्या हाताचं काय?" मी दीड हजार म्हटलं. तो म्हणाला, गिअरची सळई दोनदा-तीनदा करून बघावी लागेल, दोन हजारांच्या खाली होणार न्हाई. त्याचं खरं होतं. मी दोन हजार कबूल केले. बहात्तरशे. ना पाय बघून चढवलेले, ना पाय बघून उतरवलेले.

परत जाताना एसटी स्टँडवर बाकावर बसलो. आबा रुमालाची माती झटकत होते, झटकून झाली तरी झटकत होते. माझा राग ओसरला नव्हता. मी म्हटलं, "त्या दिवशीही असंच. तुम्ही तोंडानं बोलला असतात तर निदान मला कळलं असतं, दीड हजाराला काय विकायला काढलं होतं ते."

त्यांचा झटकणारा हात थांबला. मग म्हणाले, "दीड हजार कोन म्हनलं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव काय रुमालाखाली बसलं होतं?" त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताचं बोट स्वतःच्या मनगटावर ठेवलं. "गाडी देतो म्हनलो. मामा वर पाच हजार म्हनला, पाच देतो म्हनलो. सारं कबूल केल्तं. मंग त्यानं इथं नख टोचलं."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्यांनीच शिकवलं होतं मला. लंगड्या मेंढीला टोचतात तसं.

"मंग मी हात काढला," ते म्हणाले.

"सात वर्षं झाली, आबा. सात वर्षं मी तुम्हाला काय काय बोलले."

"रुमालाखालचं बाहेर सांगत न्हाईत, माय."

आता इथे मी विरघळले असं कुणाला वाटेल. मी विरघळले नाही. मला त्या मामाचा राग आला, तो तर यायचाच, पण आबांचा जास्त आला. माझा सौदा मला न विचारता झाला, मला न विचारता मोडला, आणि त्यांनी माझी बाजू घेतली तीही मला न कळवता. त्यांना बोलवेना म्हणून मी सात वर्षं स्वतःला दीड हजाराला न परवडलेली पोरगी समजत राहिले. हे सगळं मी तिथेच त्यांना सुनावलं. शेजारच्या बाकावरची बाई उठून लांब जाऊन बसली. आबांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. एसटी आली तेव्हा नेहमीसारखा मला वर चढायला हात द्यायला ते पुढे आले नाहीत, मागे उभे राहिले. मी दांडा धरून एकटी चढले, वेळ लागला.

गाडी महिन्याने झाली. मागे दोन चाकं, हाताशी गिअरची सळई, सळईच्या टोकाला मिस्त्रीने आपण होऊन बसवलेली बैलगाडीच्या कासऱ्यासारखी गुंडाळलेली दोरी, हात घसरू नये म्हणून. मी शेडमागच्या मैदानात दुपारभर फिरवून बघितली. मग आबांना म्हटलं, बसा मागे. ते लाजत, धोतर सावरत बसले. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला शेळ्या घेऊन बसलेले त्यांचे सगळे जोडीदार उठून उभे राहिले. गर्दीत मला गाडी हळू घ्यावी लागली.

"कितीला पडली?" त्यातला एक ओरडला, आणि सवयीने खांद्यावरचा रुमाल काढून आबांकडे हात केला.

आबांनी त्या हाताकडे बघितलं. स्वतःचा रुमाल मांडीखाली दाबून धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "बहात्तरशे! पोरीनं केला सौदा. तोंडानं!"

मी त्यांना घट्ट धरून बसा म्हटलं आणि गिअर टाकला.