पाया पडताना

कपाट उघडलं की वडिलांच्या पिस्तुलाच्या चामडी कव्हरचा तेलकट वास येतो आणि मला पलूसमधला तो साखरपुडा आठवतो. वडील फौजेतून निवृत्त झालेले. ते पिस्तूल नेहमी या कव्हरमध्येच बाळगायचे, तेही नळीत गोळी न चढवता. माझा चुलतभाऊ मात्र त्याचं पिस्तूल नुसतं कमरेला खोचायचा. "आवं काका, तुमी अजून ड्यूटीवरच हायसा व्हय?" म्हणून हसायचा. वडील तरी दर वेळी त्याला कव्हर घ्यायला सांगायचे. त्या दुपारी मांडवात तो आत्याच्या पाया पडायला वाकला आणि पिस्तूल कमरेतून निसटलं. त्याने ते झेलायला हात घातला, तोच शेजारी उभ्या वडिलांनी त्याचं मनगट धरलं. "पडू दे. चापावर बोट गेलं म्हंजे?" पिस्तूल सतरंजीवर पडलं, तोंड आत्याशेजारी बसलेल्या माझ्या गुडघ्यांकडे. वडिलांनी ते उचलून बाजूला वळवलं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली. नळीत चढवलेली गोळी बाहेर पडली. "किती येळा सांगायचं रं," एवढंच ते थकून म्हणाले. भाऊ माझ्याकडे बघेना. आता तोही कव्हर वापरतो. तरी कुणी पाया पडायला वाकलं की मी अजून हळूच गुडघे जवळ ओढून घेते.