माशामागे गेलेली सात मिनिटं

नरसय्या माशामागे खोल चालला होता आणि मी त्याला अडवलं नाही.

सत्तरच्या दशकात लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ प्रवाळांच्या सर्व्हेचं काम चालू होतं. मी डायव्हिंग सुपरवायझर. नरसय्या माझा जोडीदार, सोलापूरच्या विणकर घरातला, विहिरीत पोहायला शिकलेला. त्या दिवसाची ती आमची दुसरी डाइव्ह. नव्वद फुटांवर प्रवाळाच्या कडेला व्हेल शार्क आला. एस.टी.पेक्षा लांब, अंगभर पांढरे ठिपके. हा मासा माणसाला काही करत नाही. नरसय्या त्याचा पर धरून पोहत राहिला. मीही मागोमाग. मासा खोल उतरला, तसे आम्हीही उतरलो.

घड्याळ बघितलं तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा सात मिनिटं जास्त झाली होती. वर चलायची खूण केली. अर्ध्या वाटेत नरसय्याची हवा संपली. घाबरून तो सरळ वर सुटला.

खोलवर दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो. म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबत वर यायचं असतं. नाहीतर रक्तात त्याचे बुडबुडे होतात आणि नसांना इजा करतात. त्याला बेंड्स म्हणतात.

मी थांबत वर आलो तेव्हा तो बोटीत हसत बसला होता.

"केवढा होता, साहेब."

थोड्या वेळानं म्हणाला, "पाय कळंनात."

पुन्हा दाबाखाली ठेवून बुडबुडे विरवणारा प्रेशर चेंबर मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर, दोन दिवसांच्या वाटेवर. पाय परत आले नाहीत.

"रिपोर्टमध्ये लिहा, नरसय्यानं इशारा पाळला नाही," बॉस म्हणाले.

"इशारा मीच उशिरा दिला, सर."

"विचार करून लिहा."

मी खरं तेच लिहिलं. सुपरवायझरचं काम गेलं.

नरसय्याला सोलापूरला पोचवायला मीच गेलो. त्याचे वडील हातमागावर बसले होते.

"पाण्यातनं जित्ता आलाय की. मग पाय कशानं गेले?"

सोड्याची बाटली एकदम उघडली की बुडबुडे येतात, तसं रक्तात झालं, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमी संगंच होता न्हवं?"

"होतो."

ते पुन्हा माग चालवायला लागले. नरसय्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. माग पायांनी चालतो, त्यामुळे तोही त्याला जमणार नव्हता. पुढं तो घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागला, असं कळलं. मी पुन्हा गेलो नाही.

नंतर बरीच वर्षं मी नव्या डायव्हरना शिकवलं. मोठा मासा दिसला की आधी वेळ बघा, एवढं प्रत्येकाला सांगितलं. सगळे मान डोलवायचे. मासा दिसला की विसरायचे.