गुरुजींचा वैमानिक

मी दार धाडकन लावलं, बाळ दचकून रडायला लागलं, आणि बाहेर शेजारचे गुरुजी तसेच उभे. चंद्रावर गेलेल्या विमानाची फिल्म त्यांनी नऊदा पाहिलेली. त्यात तिकडेच मेलेल्या वैमानिकाला ते पितृपक्षात रामघाटावर तीळपाणी द्यायचे, गोत्र ठाऊक नाही म्हणून काश्यप म्हणायचे. खिडकीतून मला रोज तीच गोष्ट सांगायचे, दुसरं कोण बोलतंय माझ्याशी! त्या दिवशी फिल्मचा दुसरा भाग पाहून तणतणतच दाराशी आले.

"सूनबाई, तो जिवंत परत आला! गाणं म्हणत! सगळं झूठ, है की नाही? गेलेला माणूस असा परत येतो का?"

आमचे हे ब्रह्मदेशात लढाईवर, सहा महिने चिठ्ठी नाही. गुरुजींना ठाऊक होतं, त्या घडीला विसरले असतील. चार दिवस झाले, ते खिडकीशी येत नाहीत, मीही जात नाही. तुम्ही काय केलं असतं?