मंजिष्ठेचा वेल

नातीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या म्हणून काल मंजिष्ठेची पूड आणली. पुडी सोडली आणि मातीसारखा, किंचित कडवट वास आला. तो आमच्या चामोर्शीच्या परसातला वास होता.

आमच्या घरी माग होता. लुगड्याच्या किनारीचा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांतून निघे. माझ्या थोरल्या बहिणीनं, कौसाबाईनं, स्वतःच्या लग्नाच्या लुगड्यासाठी विहिरीपाशी हा वेल लावला होता. त्याची खरखरीत पानं पदराला चिकटायची आणि ती पदर हळूच सोडवून घ्यायची. मूळ चांगलं लाल व्हायला तीन हिवाळे जावे लागतात. दुसऱ्याच पावसाळ्यात कौसाबाई तापानं गेली.

तिच्यावर लाल कापड घालायचं म्हणून बाबा कुदळ घेऊन वेलापाशी गेले. तिच्या उशाशी बसलेली आई उठून आली आणि तिनं कुदळीचा दांडा धरला.

"खणू नोका. कच्चं हाय अजून."

"पोरीसाठीच तं लावलं होतं," बाबा म्हणाले.

"मले ठाऊक हाय. तरी खणू नोका."

कौसाबाई पांढऱ्या कापडातच गेली. आईनं तिच्यापेक्षा मुळांना जास्त जपलं, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. माझ्या लग्नात त्याच मुळांनी रंगवलेल्या लाल किनारीचं लुगडं नेसले, तेही मनाविरुद्ध.

आता वाटतं, एकाच दिवशी आणखी काही वेळेआधी गेलेलं आईला बघवलं नसतं. नदीवरून बाबा परतले, तेव्हा ती विहिरीपाशी होती. पावसाची झड लागलेली होती, तरी वेलाला पाणी घालत होती.