नावाचा गहू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, त्याची आधीच माफी मागते. ही वही कुणी वाचलीच, तर अक्षराकडे न बघता माणसाकडे बघावं.

"आकडा राहू दे. एक नाव सांग." सर विद्यार्थ्यांना हे म्हणायचे आणि म्हणताना एक बोट वर करायचे. माझी नात शाळेतून येऊन म्हणाली, "वर्गात तीस मुलं आहेत," तरी हेच. ती बिचारी एखाद्या डच मैत्रिणीचं नाव सांगायची. मग सर खूश.

मी इथे डच मुलखात, रायस्वाइक गावी मुलीकडे राहते आणि काही मराठी घरांना डबे देते. सर त्यांतले एक. मूळचे नागपूरचे, एकटेच राहायचे. आगगाडीनं टिलबर्गला जाऊन विद्यापीठात शिकवायचे. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर आधी हेल्मेट दिसलं असतं. आमच्या गल्लीत सायकलवर हेल्मेट घालणारे ते एकटेच. डच पोरं हसायची. मी विचारलं तर म्हणाले, "काकू, या डोक्यात बरीच मेलेली माणसं आहेत. मी पडलो तर त्यांना कोण सांभाळणार?"

ती माणसं म्हणजे ग्रीक. आताच्या तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या काठी, ती पिढ्यानपिढ्या राहत होती. शंभरएक वर्षांपूर्वी तिथल्या सत्तेनं पुरुषांना सक्तीच्या कामाला जुंपलं, बायकामुलांना डोंगरांतून चालवत नेलं. लाखो माणसं मेली. सर हाच इतिहास शोधायचे आणि शिकवायचे.

"पण सर, तुमचा यांच्याशी काय संबंध?" माझ्या जावयानं एकदा विचारलं.

"माझ्या आजोबांना गावात कुणी नावानं हाक मारली नाही. जातीनंच मारायचे. एवढाच संबंध." मग सरांनी आजोबांचं नाव सांगितलं आणि आणखी एक पोळी मागितली.

झूटरमेरला एक ग्रीक आजी होती, नव्वदीची. तिची आई त्या वाटेवरून चालून वाचली होती. आईची धाकटी बहीण मात्र वाटेत मागे राहिली. तिचं नाव आता फक्त आजीला माहीत होतं आणि आजी ते सांगत नव्हती. सर कितीतरी रविवार तिच्याकडे जाऊन नुसती कॉफी पिऊन आले.

"आजी गेली की ते नाव गेलं, काकू. मग तीही आकड्यात."

"मग विचारा की."

"तिनं सांगायला हवं. ओढून काढायचं नसतं."

एकदा म्हणाले, "काकू, गहू शिजवून द्याल? त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी गोड गहू करतात. आजीच्या आईचा दिवस आहे. तुम्हीही चला." गोड आणि गहू म्हटल्यावर मला एकच माहीत. गूळ, दूध, वेलची घालून मी खीर केली. सरांनीही डबा उघडून पाहिला नाही.

आजीनं झाकण काढलं, चमचा बुडवला आणि डचमध्ये काहीतरी म्हणाली. सरांनी कान धरले. "म्हणतात, यात माझी आई पोहायला लागेल."

मग तिनं मला हाताला धरून ओट्याशी नेलं. गहू शिजवला, निथळला, पांढऱ्या कापडावर पसरला. दाणे कोरडे व्हायला हवेत, हे तिनं मला बोटांनीच समजावलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मध्येच तिचा हात थांबला. ती बोलत गेली, तसं सर मला मराठीत सांगत गेले. हा गहू नाव घेऊन करतात. मावशीच्या नावानं तो कधीच झाला नाही, कारण तिला मरताना कुणी पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, गहू केला तर आपणच तिला मारल्यासारखं होईल. आई शेवटपर्यंत वाट बघत राहिली. म्हणून आजीही नाव घेत नव्हती.

"मग आता?" मी विचारलं. सरांनी ते आजीला विचारलं नाही.

आजीनं कापडावरचा थोडा गहू बाजूला केला. त्याचा वेगळा ढीग केला. "पार्थेना," ती म्हणाली.

सरांनी काही लिहून घेतलं नाही. वर्गात सांगू का, एवढंच विचारलं.

"सांग. पण आधी खा."

सर गेल्या हिवाळ्यात गेले. हृदय बंद पडलं. विद्यार्थ्यांनी टिलबर्गला त्यांच्या वर्गात सगळ्यांना बोलावलं. मी गहू नेला. एकेक जण उठून एक नाव घेत होता. एका मुलीनं पार्थेनाचं घेतलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि सरांना मी 'सर' सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

मी उभी राहिले. आधी सरांचं नाव घेतलं, मग त्यांच्या आजोबांचं. मग डब्याचं झाकण काढलं. दाणा न् दाणा मोकळा होता.