सायबाच्या पलटणीत नाचणी

काळी नदीच्या अंगाला, अणशीच्या रानात, एक बंगला होता. बंगल्यात राहायचा रानसायब, म्हंजे जंगलखात्याचा गोरा सायब. बंगल्यामागच्या खोपटात राहायचा त्याचा राखणदार बाबली, बाबलीची आई आणि बाबलीची बायको गंगू. बाबली गरीब, आई खमकी, आणि गंगू? गंगूएवढी शहाणी अख्ख्या रानात न्हाई, असं गंगूचं स्वतःचं मत! ती गंगू म्हंजे मीच. नवऱ्याचं नाव घेतलं, व्हय, घेतलं! आता म्हातारपणी कोण रागावतंय?

तर त्या शहाणपणापायी मी सायबाची अख्खी पलटण कशी मातीत घातली, आता काय सांगू तुम्हाला!

पलटण म्हंजे खरी न्हवं. शिशाची. एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा. खांद्यावर बंदूक, डोक्यावर टोपी. सायबाचा एक दोस्त होता, बेळगावाकडच्या छावणीतला कप्तान. त्याच्याकडं तांबडी पलटण, ह्याच्याकडं निळी. दोघं मिशाळ बाप्ये टेबलावर पालथे पडून लढाई लढायचे! काठीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे. करंगळीएवढी पितळेची तोफ, तिच्यात लाकडाची गोळी. खटका ओढला की गोळी सुटायची. गोळी लागून शिपाई आडवा झाला, की मेला.

आमचा सायब तीनदा लढला आणि तिन्ही वेळा हरला. मग त्यानं जिद्दीनं नवे चाळीस शिपाई मागवले. ते आले कोरे, राखेच्या रंगाचे. ते रंगवायचे कुणी? हिवतापानं सायबाचा हात असा कापायचा, की चहा बशीत कमी आणि पाटलोणीवर जास्त सांडायचा.

एक दिवस त्यानं मला अंगणात रांगोळी घालताना बघितलं. लगेच आमच्या ह्यांना बोलावून घेतलं.

"बाबली, तुझा बायको बारीक रेघ काढते. ती माझा शिपाई रंगवेल?"

हे दाराआडून माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. मी न्हाई म्हणणारी हाय व्हय?

सायबानं एक शिपाई नमुन्याला स्वतः रंगवून दिला. निळा डगला, पांढरा पट्टा. पायाखाली लाकडाची चकती, ती सरसानं चिकटवायची, आणि वर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरायचा. का? तर शिपाई गवतात उभा हाय असं दिसावं म्हणून.

"चार दिवसांनी कप्तानाला घेऊन येतो," सायब घोड्यावर बसता बसता म्हणाला. "आणि बाबली, तुझ्या नोकरीचं आल्यावर बघू."

ह्या 'बघू'चा अर्थ आम्हाला पक्का ठाऊक. ह्यांच्या पायावर सागवानाचा ओंडका पडलेला, तवापासून लंगडत चालायचे. रानतोडीचं काम आता जमणारं नव्हतं. राखणदारी मिळालेली, ती तात्पुरती. सायबानं दुसरा माणूस ठेवला की खोपट बी त्याचं. मग तीन माणसांनी जायचं कुठं?

"गंगू," हे म्हणाले, "सायबानं सांगितलंय तेवढंच कर. तुझं डोकं चालवू नको."

आता असं कुणी सांगितलं की माझं डोकं थांबतंय व्हय?

रंगवायचं काम मात्र झकास झालं. करवंदीच्या काट्यानं मी एकेक बटण काढलं. पण सगळ्यांची तोंडं एकसारखी! आईनं तरी ओळखायचा कसा आपला लेक? म्हणून मी एकेकाला निराळी मिशी दिली. कुणाची पिळदार, कुणाची झुपकेदार, कुणाची नुसतीच फुटलेली.

आत्याबाई, म्हंजे माझी सासू, शेजारी बसून बघत होत्या.

"अगं, ह्यो तर आमचा थोरला दादा!"

"व्हय की. त्यांचंच नाक काढलंय."

"आणि बंदूक कशाला दिलीस त्याच्या हातात? घरात झुरळाला भितोय त्यो!"

मग आलं चकत्यांचं काम. सरसाचं भांडं उघडलं आणि आत्याबाई नाकाला पदर लावून उठल्याच. "शी शी! कातडी-हाडं उकळून केलेला हाय त्यो! माझ्या चुलीपाशी ठेवायचा न्हाई, सांगून ठेवते."

झालं! सरस गेला बाहेर. मग चिकटवायचं कशानं? आम्हा रानातल्या माणसांना ठाऊक हाय, वारुळाच्या मातीसारखं चिकट दुसरं काय न्हाई. मी वारुळाची माती आणली, तिच्यात शेण मळलं. भिंतीला लिंपतो तसं चकतीवर लिंपलं आणि शिपाई त्यात रोवले. काय घट्ट बसले म्हणता!

आता राहिलं गवत. सायबाचा भुसा मी हातात घेतला. हिरवा भुसा! हे गवत? आमची शेळीसुद्धा फसायची न्हाई ह्याला! एवढ्या मोठ्या सायबाच्या पलटणीनं खोट्या गवतात उभं राहायचं?

दसरा नुकताच होऊन गेलेला. घटाभोवती पेरलेलं कसं चार दिवसांत हिरवंगार उगवलं होतं! तेच माझ्या डोळ्यांपुढं. मी मूठभर नाचणी भिजवली आणि चाळीस शिपायांच्या पायांशी पेरली. मनात हिशेब पक्का. चौथ्या दिवशी नखाएवढं गवत वर येईल, त्याच दिवशी सायब येईल, बघून म्हणेल, वा गंगू, वा!

सगळे शिपाई एका सुपात दाटीवाटीनं मांडले आणि रोज सकाळी वर पाणी शिंपडलं.

चौथा दिवस उजाडला. काय सांगू! नखाएवढी हिरवळ, त्यात निळे शिपाई. मी दहा वेळा बघितलं. ह्यांनी बी बघितलं आणि पहिल्यांदा हसले. "गंगू, तुझ्या हातात कला हाय गं."

सगळं झालं. फकस्त सायब आला न्हाई.

निरोप आला. कप्तानाला यायला उशीर होतोय, आणखी सहा दिवस लागतील.

पाणी घालायचं बंद केलं तर माती तडकायला लागली, शिपाई डुगडुगायला लागले. पाणी घातलं की नाचणी वाढायची. आणि काय वाढ! वारुळाची माती, वर शेणखत! पाचव्या दिवशी नाचणी शिपायांच्या गुडघ्याला, सहाव्या दिवशी कमरेला, आठव्या दिवशी नुसत्या टोप्या दिसायला लागल्या, आणि दहाव्या दिवशी पलटण गायब!

आत्याबाई सुपात डोकावल्या. "सूनबाई, तरवा झकास आलाय हो! लावणी कवा?"

"आत्याबाई, मस्करी नको. उपटू लागा जरा."

उपटायला गेले तर एक रोप निघेना. सगळ्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या. एक शेंडा ओढला की चाळीसच्या चाळीस शिपाई गोधडीसारखे वर यायचे! विळ्यानं कापायला गेले, तर पहिल्याच फटक्यात आत्याबाईंच्या थोरल्या दादाची बंदूक तुटली.

"मेले! दादाला मारलंस!"

"दादा हाय अजून. बंदूक गेली."

"मग बरं झालं. तशी बी त्याला झेपत नव्हती."

हे दारात कपाळाला हात लावून बसलेले. "संपलं गंगू. सामान बांधायला घे."

ते ऐकून मला रडू फुटलं. आणि रडता रडता आणखी एक शहाणपण सुचलं! कापता येत न्हाई, उपटता येत न्हाई, तर चारून टाकू! शेळी कशी वरवरचं खुडून खाते, मूळ हलवत न्हाई.

मी सूप बंगल्याच्या ओसरीवर ठेवलं आणि मोगरीला, म्हंजे आमच्या शेळीला, सोडलं. मोगरी कशी नव्या नवरीसारखी बेतानं जेवायला लागली. पुढची रांग साफ झाली. टोप्या दिसल्या, मिशा दिसल्या. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात टापांचा आवाज!

सायब पुढं, कप्तान मागं, आणि दोघांच्या समोर मोगरी. तिच्या तोंडात नाचणीचा घास आणि त्या घासातनं बाहेर आलेला एक निळा शिपाई, पाय वर!

"बाबली!" सायब ओरडला. "शेळी माझा पलटण खाते!"

हे लंगडत धावले आणि शेळीच्या तोंडातनं शिपाई ओढून काढला. तो ओला शिपाई धोतराला पुसून सायबापुढं धरला. "जित्ता हाय, सायब!"

सायबाचं तोंड तांबडं, मग जांभळं. "तू... तुझा बायको... दोघं पण..."

पुढचं त्याला बोलताच आलं न्हाई, कारण कप्तान हसायला लागला होता. हसता हसता तो पायरीवरच बसला. सुपात नाक घालून बघून आला आणि परत हसला. मग सायबाला विलायती बोलीत काहीतरी म्हणाला. आमच्या ह्यांना थोडं कळायचं. ते कुजबुजले, "त्यो म्हणतोय, घाबरलास काय? हीच पलटण आण टेबलावर. आज तर मी तुला बसल्या बसल्या मारतो."

सायबानं दातओठ खाल्ले, तो ओला शिपाई परत मातीत खुपसला आणि सूप उचलून टेबलावर ठेवलं.

आम्ही तिघं खिडकीतनं बघत होतो. हे देवाचं नाव घेत होते. मी तर सामानातलं काय आधी बांधायचं ते ठरवत होते.

कप्तानानं तोफ लावली. खट्! गोळी नाचणीत घुसली आणि गडप. शिपाई जागच्या जागी.

खट्! दुसरी गोळी थेट एकाच्या छातीवर. शिपाई हललासुद्धा न्हाई! हलतोय कसा? पाय वारुळाच्या मातीत, मुळ्यांनी शेजाऱ्याला बांधलेला!

खट्! खट्! खट्! कप्तानाचं हसू कमी कमी होत गेलं.

मग आमच्या सायबाची पाळी. कापऱ्या हातानं त्यानं खटका ओढला. गोळी भलतीकडंच गेली, पण त्या भलतीकडं बी तांबडे शिपाई उभे होतेच. तिघं आडवे! सायबानं काठी लावून मोजलं आणि अख्खं सूपच पुढं सरकवलं. चाळीस जण एकदम चालून गेले!

"अगं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "दादा लढतोय की गं!"

दिवस कलायच्या आत तांबडी पलटण सगळी झोपली. नाचणीतला एक माणूस पडला न्हाई. कप्तानानं उठून सायबाचा हात हातात घेतला. सायब उडी मारायचाच काय तो बाकी होता.

त्यानं खिडकीकडं बघितलं. "बाबली! इकडं ये!"

त्याच टेबलावर त्यानं दोन कागद लिहिले. एक ह्यांच्या हातात दिला. "आजपासून तू कायम. खोपट पाडा, कौलारू घर बांधून देतो."

ह्यांना उभ्या उभ्या रडू आलं. दुसरा कागद सायबानं स्वतः ठोकला, पलटण ठेवायच्या फळीच्या वर, आणि माझ्याकडं बोट करून कायतरी म्हणाला. आम्हा तिघांपैकी वाचता कुणाला येत होतं? पण मला कळलंच की! बाईमाणसाला दिलेलं शिफारसपत्र, दुसरं काय असणार? तवापासून दर शुक्कीरवारी मी त्या कागदाला हळदकुंकू लावायची. पाव्हणेरावळे आले की नेऊन दाखवायची. सायब जाता-येता बघायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. मला वाटायचं, कौतुकानं हसतोय.

नोकरी सुखाची चालली. घर झालं, गोठा झाला, ह्यांच्या पायाला आराम पडला. आणि बऱ्याच वर्सांनी सुपे गावच्या कचेरीतनं एक नवा कारकून बंगल्यावर आला. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी. तो कागदाजवळ गेला, कुंकू पुसलं आणि त्यातलं विलायती मराठीत करून मोठ्यानं वाचलं.

"बाबलीच्या बायकोला ह्या फळीच्या चार हात जवळ येऊ देऊ नये. शेळी आली तर चालेल."

कारकून माझ्याकडं वळला. "काकू, ही बाबलीची बायको कोण हो?"

मी तबक पदराआड घेतलं. "ती व्हय? ती मेली कवाच! मी तिची धाकटी भन."