शेवटच्याला उसंत नाही

माणूस फरशी बसवतो. लोकांच्या घरात, दवाखान्यात, दुकानात, जिथे बोलावतील तिथे. दिवसभर गुडघ्यांवर रांगायचं, पाणसळ टेकवायची, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की पुढची फरशी. त्याला सगळं गाव फरशीवालाच म्हणतं. चिडली की बायकोसुद्धा. आणि आठवडाभर जग सपाट करत फिरणारा हा प्राणी रविवार उजाडला की सायकल काढून डोंगरात खड्डे शोधायला जातो! बायको म्हणायची, "अहो, लोक खड्डे बुजवायला माणूस बोलावतात, आणि तुम्ही?" पूर्वी तो यावर मोठ्याने हसायचा. हल्ली नुसतं हं म्हणतो.

कारण गुडघे. लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, याचं अख्खं घर गुडघ्यात होतं. त्यांच्यावरच चूल पेटायची. आता जिना उतरताना कठडा लागतो, खुर्चीतून उठताना 'आई गं' लागतं. शनिवारी संध्याकाळी मलम चोळता चोळता बायकोने विषय काढलाच.

"हे गुडघे आपल्या पोटापाण्याचे आहेत. त्यातले डोंगराला किती वाटणार? काय ते एकदा ठरवा."

भांडली असती तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं. पण तिचं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या बायकोपुढे कुणाचं काय चाललंय! तो म्हणाला, "उद्या शेवटचं. मग काळीला भिंतीला टांगतो."

काळी म्हणजे त्याची सायकल. आधीच्या दोन होत्या, त्यातली एक पिसासारखी हलकी, पण तिच्यावर त्याचा जीव कधी बसला नाही. काळी पोलादी, जड, पुढे धक्के झेलणारा शॉकप आणि मागे काही नाही. दगड लागला की माकडहाडाला कळवून जाते. चढावर तिला शिव्या घालाव्यात आणि उतारावर तिच्या पाया पडावं. त्या उताराचं काय सांगू! झाडांच्या मुळांवरून चाक उड्या मारतंय, सुटी खडी दोन्हीकडे उडतेय, माणूस पेडलांवर उभा, ब्रेकवर एकच बोट, आणि डोक्यात ना गिऱ्हाईक, ना सिमेंट, ना उद्या. आठवड्यातली तेवढी पंधरा-वीस मिनिटं त्याची स्वतःची होती. बाकी सगळा तो वाटून टाकलेला.

डोंगरावर जाणारी पाच-सहा टाळकी होती. त्यांचा एक नियम होता. चढ ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचा, पुढच्यांनी माथ्यावर थांबायचं, आणि शेवटचा वर आला की लगेच निघायचं, अंग गार पडू द्यायचं नाही. ऐकायला काय छान नियम! पुढचा दहा मिनिटं बसतो, केळं खातो, दोन विनोद सांगतो. शेवटचा धापा टाकत पोचतो तोवर बाकीचे सायकलवर बसलेले. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त विसावा हवा, त्यालाच तो नाही. नियम फरशीवाल्यानेच केला होता. तेव्हा तो पहिला यायचा, त्याला काय!

शेवटचा यायचा तो टपाल वाटणारा. जाडजूड, घामाघूम, वर्षानुवर्षं शेवटचा, म्हणून नाव पडलं शेपूट. तो दिसला रे दिसला की फरशीवाला ओरडायचा, "आलं शेपूट, चला!"

आता काळ फिरला. गुडघे गेले आणि फरशीवाला शेपटाच्याही मागे पडला. शेपूट उघडपणे खूश. "आयुष्यात पहिल्यांदा वर बसून पाणी प्यायलो राव!" असं सगळ्यांना सांगत सुटला होता. फरशीवाल्याला ते झोंबायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्या रविवारी अर्ध्या चढावर उजवा गुडघा अडकला तो अडकलाच. वळेना, सरळ होईना. काळीवरून उतरावं लागलं. इतक्या वर्षांत या चढावर त्याचा पाय कधी जमिनीला लागला नव्हता. लंगडत, ढकलत तो माथ्यावर आला. पायी आलेला बघून कुणी थट्टा केली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"चला, अंग गार पडतंय," टोळीतला दातांचा डॉक्टर म्हणाला आणि सायकलवर बसलासुद्धा. त्याचं काय चुकलं? नियम तो नियम.

थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या तोंडाने नियम केला त्या तोंडातून शब्द फुटेना. त्याने मनात ठरवून टाकलं, हे पुढे गेले की आपण गाडीरस्त्याने हळूहळू घरी जायचं. संपलं.

"ए, माझं मागचं चाक बसलंय वाटतं," शेपूट एकदम म्हणाला आणि उतरला. "तुम्ही व्हा पुढे. हा थांबेल माझ्याबरोबर."

बाकीचे कुरकुरत गेले. शेपटाने पंप काढला. फरशीवाल्याने सवयीने वाकून टायर दाबून पाहिला. दगडासारखा टणक.

"अरे, हवा तर भरपूर आहे."

"असू दे."

"मग?"

"मग काय मग? बस खाली."

फरशीवाला बसला. पाय लांब केले. शेपूटही पंप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"मी तुझ्यासाठी कधी थांबलो नाही रे," फरशीवाला म्हणाला.

"नाही थांबलास. एकदाही नाही. दर रविवारी शेवटच्या वळणावर वाटायचं, आज तरी कुणी बस म्हणेल." शेपटाने टोपीने तोंड पुसलं. "म्हणून तर मला माहीत आहे, किती वेळ लागतो ते. घाई करू नकोस."

"मी आजपासून बंद करणार होतो."

"तुझ्या तोंडावर दिसलंच ते. अजिबात करायचं नाही. गुडघ्याला झेपेल तेवढं ढकलत ये, मी बसतो इथे. अरे, तू सोडलंस तर परत मीच शेवटचा! या वयात मला ते नाही सोसायचं."

फरशीवाला हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. दोघं तसेच बसून राहिले, अंग पार गार पडेपर्यंत.